सेटॉर चौरस ही खरंच सुरुवातीच्या ख्रिश्चनांची गुप्त खूण होती का?

मला विचाराल तर नाही. पण लोकांना तसं का वाटतं, ते आधी बघू.

सेटॉर चौरस म्हणजे पाच लॅटिन शब्दांचा जुना अक्षरचौरस. एका लॅटिन अक्षराला एक देवनागरी अक्षर धरलं, तर तो असा:

स अ त ओ र
अ र ए प ओ
त ए न ए त
ओ प ए र अ
र ओ त अ स

आडवा, उभा, सुलटा, उलटा, कसाही वाचा, तेच पाच शब्द: सातोर (म्हणून 'सेटॉर' चौरस), आरेपो, तेनेत, ओपेरा, रोतास. आपली 'चिमा काय कामाची' एकाच ओळीत मागे-पुढे पळते. (संस्कृत कवी माघाने शिशुपालवधाच्या एकोणिसाव्या सर्गात 'सकारनानारकास' या सर्वतोभद्र श्लोकात असाच खेळ मांडलाय.)

अर्थ साधारण असा: 'पेरणारा आरेपो कष्टाने चाकं धरतो.' घोडं अडतं ते आरेपोपाशी. हा शब्द लॅटिनमध्ये इतरत्र कुठेच मिळत नाही. कुणी त्याचा संबंध गॉल लोकांच्या (प्राचीन फ्रान्समधल्या) नांगराशी जोडतं. मला वाटतं, रचणाऱ्याला 'ओपेरा' (लॅटिनमध्ये कष्ट) हवा होता. तो उलटा केला की आरेपो पडतो, मग दिलं ते एखाद्या गड्याचं नाव म्हणून खपवून. यमकासाठी शब्द कोंबणारे कवी आपल्याकडे काय कमी आहेत?

आता तुमचा प्रश्न. १९२६ मध्ये फेलिक्स ग्रोसर या अभ्यासकाने दाखवलं की याच २५ अक्षरांतून 'पातेर नोस्तेर', म्हणजे 'आमच्या पित्या' (ख्रिस्ती प्रार्थनेचे सुरुवातीचे शब्द), दोनदा लिहिता येतं: एकदा आडवं, एकदा उभं, मधला 'न' सामाईक. क्रूस तयार! उरतात दोन 'अ' आणि दोन 'ओ', म्हणजे अल्फा आणि ओमेगा, ग्रीक लिपीतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर, ख्रिश्चनांसाठी देवाची खूण. मी वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या करून जेवणाच्या टेबलावर मांडून पाहिलं. शेवटची चिठ्ठी बसली तेव्हा अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

पण १९३६ मध्ये हा चौरस पॉम्पेईतल्या व्यायामशाळेच्या खांबावर कोरलेला सापडला, आणि ते शहर इ.स. ७९ मध्येच व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलं होतं. अल्फा-ओमेगा ज्यातून आलं ते बायबलमधलं शेवटचं पुस्तक 'प्रकटीकरण' बहुतेक अभ्यासक त्यानंतरचं मानतात. क्रूसही तेव्हा खूण म्हणून रुळलेला नव्हता. शिवाय २५ घरांत वेगळी अक्षरं फक्त आठ. इतक्या थोड्या अक्षरांत असं काहीतरी जुळून येणं अगदीच अशक्य नाही.

ख्रिश्चनांनी तो आपलासा केला, पण नंतर. मध्ययुगात आणि त्यानंतरही युरोपात अडलेल्या बाळंतिणीसाठी, पिसाळलेला कुत्रा चावल्यावर, आग विझवायलासुद्धा हीच पाच शब्दांची ताईतवजा अक्षरं वापरली जात.