‘लॅब्राडॉर प्रजातीचा कुत्रा’ बरोबर आहे का?

एका वाचकाने विचारलं आहे: बातम्यांत ‘लॅब्राडॉर प्रजातीचा कुत्रा’ असं लिहितात, ते योग्य का? ‘ब्रीड’ला वाण म्हणावं का? आणि टेरियर ही जात की गट?

‘प्रजाती’ चालणार नाही. शालेय जीवशास्त्रात ‘जीनस’ला प्रजाती आणि ‘स्पीशीज’ला जाती म्हणतात, बातम्यांत मात्र ‘स्पीशीज’लाच प्रजाती म्हणायची पद्धत पडली आहे. यातला कोणताही अर्थ घेतला तरी लॅब्राडॉर, पग आणि ग्रेट डेन एकाच खान्यात पडतात. लॅब्राडॉर आणि पूडलचा संकर होतो, त्या पिल्लांनाही पुढे पिल्लं होतात. मला तर वाटतं, ‘जात’ म्हटलं की माणसांच्या जाती आठवतात, म्हणून लोक ‘प्र’ जोडून मोकळे होतात.

पण जनावरांच्या बाबतीत ‘जात’ हाच मुरलेला शब्द. जातिवंत घोडा, जातिवंत कुत्रा हे आपण अडखळत म्हणतो का? शब्दाच्या मुळाशी ‘जन्’ धातू आहे, आणि ब्रीड ठरते तीही आईबापांवरूनच. वाण बियाण्याला शोभतो. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ यातला वाण तर निव्वळ रंग. ‘वर्ण’चंच ते रूप.

टेरियर हा गट. लॅटिनमध्ये ‘तेरा’ म्हणजे जमीन. बिळात घुसून शिकार उठवणारा तो टेरियर. म्हणजे गट पडतात ते मुख्यतः कामावरून: राखणारे, वळणारे, हुंगत माग काढणारे. पण नावावर विसंबू नका. तिबेटन टेरियर नावापुरताच टेरियर, ब्रिटनमध्ये तो ‘युटिलिटी’ गटात आहे.

शिवाय गट संस्थेगणिक बदलतात. १८७३ साली स्थापन झालेला ब्रिटनचा केनेल क्लब ७ गट मानतो, एफसीआय ही आंतरराष्ट्रीय संस्था १०. डॅक्सहुंड ब्रिटनमध्ये हाउंड गटात, एफसीआयकडे मात्र त्याचा एकट्याचा सवतासुभा! अमेरिकेत मेंढपाळी कुत्र्यांचा गट १९८३ मध्ये वेगळा निघाला, त्याआधी ती कुत्री ‘वर्किंग’मध्ये होती.

म्हणून ‘ग्रुप’ला कुल किंवा वर्ग म्हणू नये, ते शब्द जीवशास्त्राने आधीच अडवले आहेत. साधा ‘गट’ पुरे: ‘टेरियर गटातली जॅक रसेल जात’.