जांघेत काचणं, लिंगाच्या कातडीची आग: काय लावावं, काय अजिबात लावू नये

तुम्ही लिहिलंय की रोज दोन-अडीच तास बाईकवर जातात, चड्डी घट्ट आणि सिंथेटिक आहे, जांघेत आणि लिंगाच्या खालच्या बाजूला लाल होऊन आग होते. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की दोन दिवस बरं वाटतं, थांबवली की परत सुरू, आणि हे दीड महिना चाललंय. या सगळ्यात मला जास्त काळजी त्या ट्यूबची वाटते. तिच्याकडे येतो, पण आधी काचण्याबद्दल.

इथली कातडी पातळ असते आणि घडीत दबलेली असते. घाम आला की ती भिजून मऊ पडते, आणि भिजलेली कातडी कोरडीपेक्षा जास्त घासली जाते. घाम वाळला की मागे मीठ राहतं, ते आणखी खरखरतं. त्यात चड्डीची शिवण नेमकी जांघेच्या घडीत बसली की सालटं निघायला एक दुपार पुरते. चड्डी उलटी करून शिवणीवरून अंगठा फिरवून बघा. अंगठ्याला जे टोचतं तेच दिवसभर तिथे टोचत असतं.

फक्त घासल्याने झालेलं असेल तर खाजेपेक्षा आग आणि चुरचुर जास्त असते. लाली जिथे कापड किंवा कातडी टेकते तेवढ्यातच असते आणि घासणं थांबलं की तीन-चार दिवसांत उतरते. कडा उंच, कोंडा सुटलेली, मधे निवळलेली आणि गोल पसरत मांडीवर जाणारी खाज असेल तर ते गजकर्ण. ते सहसा अंडकोश सोडून देतं. अंडकोशही लाल, ओलसर आणि आजूबाजूला सुटे लाल पुरळ असतील तर कॅन्डिडा बुरशीचा संशय घ्यावा. पुढच्या कातडीखाली दह्यासारखा पांढरा थर आणि कातडीच्या टोकाला बारीक चिरा वारंवार पडत असतील तर आधी रक्तातली साखर तपासा. मधुमेहाची ओळख कित्येकांना अशीच होते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्यांपैकी एखादी चालू असेल तर लघवीतून साखर जाते, त्यामुळेही हे होतं. गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

आता सालटं निघालेल्या जागेचं. पहिले तीन दिवस दोन वेळा नुसत्या कोमट पाण्याने धुवा. साबण नाही, आणि बादलीत अँटिसेप्टिकचं झाकणभर औषध तर नाहीच. सोललेल्या कातडीवर ते भाजल्यासारखा परिणाम करतं आणि मग मूळ जखमेपेक्षा त्याचीच लाली जास्त दिवस राहते. मऊ सुती कापडाने टिपा, पुसू नका. पाच मिनिटं उघडं राहू द्या. मग हरभऱ्याएवढी साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली एका बाजूला पुरते. जांघेच्या घडीत झिंक ऑक्साइडचं मलम (लहान मुलांच्या लंगोटाच्या पुरळासाठी मिळतं ते) आणखी चांगलं, कारण ते ओल अडवतं. पुढची कातडी सहज मागे जात असेल तर मागे घेऊन पाण्याने धुवा, टिपा, जेलीचा पातळ हात द्या आणि कातडी परत पुढे आणा. हे विसरू नका. मागे अडकून राहिली आणि सुपारी (लिंगाचं टोक) सुजली, तर काही तासांत रक्तपुरवठा अडू शकतो. सरळ कॅज्युअल्टीत जायचं.

पावडर टाकू नका. घामात तिचा लगदा होतो, घडीत गोळ्या बसतात आणि त्याच घासतात.

हस्तमैथुन किंवा संबंधातून होणारं घर्षण हेही मोठं कारण आहे आणि लाजेपोटी ते डॉक्टरांनाही कुणी सांगत नाही. कोरडा हात, गादीवर पालथं घासणं आणि न्हाणीघरातला साबण-शाम्पू, या तीन सवयी सगळ्यात जास्त नडतात. साबण मूत्रमार्गाच्या तोंडाशी गेला की लघवीला आग होते आणि माणूस इन्फेक्शन समजून घाबरतो. पाण्याचा स्पर्श चुरचुरेनासा होईपर्यंत, साधारण चार ते सात दिवस, पूर्ण थांबा. नंतर पाण्यावर आधारित जेल वापरा. चिकट झालं की वर दोन थेंब पाणी. खोबरेल तेल कातडीला चालतं, पण लेटेक्सच्या निरोधसोबत खोबरेल, जेली, कुठलंच तेल नको. रबर कमजोर होऊन फाटतं. जास्त घासल्यावर सुपारीच्या मागे दोरीसारखी घट्ट, न दुखणारी रेघ लागली तर ती बहुधा सुजलेली लसिकावाहिनी (कातडीखालची पातळ द्रव वाहून नेणारी बारीक नळी) असते. विश्रांती दिली की काही आठवड्यांत जिरते. तरी एकदा दाखवून घ्या.

आता ती ट्यूब. मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांतलं एक नाव आणि त्याच्या जोडीला क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोल, निओमायसिन किंवा जेंटामायसिन असं असेल, तर ते स्टिरॉइडचं मिश्रण आहे. लाली चोवीस तासांत उतरते म्हणून ते गुणकारी वाटतं. आत बुरशी असेल तर ती दबून पसरते, कड पुसट होते आणि पुढे ओळखणंही अवघड जातं. फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी १९६७ साली मोजलं होतं: हायड्रोकॉर्टिसोन हाताच्या कोपराखालच्या कातडीतून जेवढं शोषलं जातं, त्याच्या सुमारे ४२ पट अंडकोशाच्या कातडीतून जातं. म्हणून इथे आठवड्यांचं नुकसान दिवसांत होतं. कातडी कागदासारखी पातळ होते आणि मांडीच्या आतल्या बाजूला जांभळ्या-पांढऱ्या रेघा उठतात, ज्या कायमच्या राहतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. काउंटरवर अजूनही सर्रास मिळतात.

ट्यूब थांबवल्यावर आठ-पंधरा दिवस आग उलट वाढू शकते. तेव्हाच माणूस परत तीच लावतो आणि चक्रात अडकतो. तुमचा दीड महिना झालाय, तेव्हा स्वतःच्या मनाने काही न करता त्वचारोगतज्ज्ञांकडेच जा.

पुढे होऊ नये म्हणून: ऑफिसला सैलसर सुती, मांडीवर चार-पाच इंच उतरणारी चड्डी, म्हणजे मांडीला मांडी लागत नाही. लांब धावायला किंवा दिवसभर चालायला मात्र सुती नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड कानशीसारखं चालतं. तिथे घाम उडवणारी अंगाबरोबरची शॉर्ट बरी. सायकलची पॅडवाली शॉर्ट आत चड्डी न घालता वापरायची असते. वारीत चालणाऱ्यांनी जेली पहाटे निघायच्या आधीच लावावी. काचल्यावर लावून अर्धाच उपयोग. केस वस्तऱ्याने काढू नका, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खुंट टोचतात. कात्रीने पाव इंच ठेवून कापा. पावसाळ्यात दमट राहिलेल्या चड्डीच्या शिवणींवर उलट्या बाजूने इस्त्री फिरवा. मागे राहिलेला काळपट डाग काही महिने राहतो, त्यावर गोरेपणाची क्रीम नको.

घोळक्याने आलेले पाण्याचे फोड, न दुखणारा व्रण, पू, ताप, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर थांबू नका. मधुमेही माणसाला अंडकोशात असह्य वेदना, काळेपणा किंवा दुर्गंधी आली तर त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठा.

सरकारी रुग्णालयात याची ओपीडी 'त्वचा व गुप्तरोग' नावाने असते. केसपेपर काढताना 'त्वचा' एवढंच सांगितलं तरी चालतं. जाताना ट्यूब खोक्यासकट न्या आणि ती किती दिवस, दिवसातून किती वेळा लावली ते खरं सांगा. कोंडा असेल तर डॉक्टर थोडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. त्यात दुखत नाही.