शीव, सीमा आणि सरहद्द

निलंगा तालुक्यातील एका वाचकाने विचारले आहे : "आमच्याकडे शेताचा तो धुरा, गावाची ती शीव आणि राज्याची मात्र सीमा किंवा सरहद्द. अर्थ एकच असेल, तर राज्याची शीव असे कोणी का म्हणत नाही? आणि दसऱ्याच्या शिलंगणाचा या शिवेशी काही संबंध आहे का?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. शिलंगण हे सीमोल्लंघनाचेच बोलीतले रूप आहे आणि शीव ही सीमेचीच लेक आहे. संस्कृतातील शब्द प्राकृतातून मराठीत येताना त्याच्या पोटातल्या 'म'चा 'व' होतो, जसे ग्रामाचे गाव, नामाचे नाव, आमलकाचा आवळा. आणि इकारापूर्वीचा 'स' तालव्य होतो, जसे सीवनाचे शिवण. सीमेची शीव झाली ती या दोन्ही वाटांनी. शिवार हा शब्दही शिवेशीच जोडलेला आहे, कारण गावच्या शिवेच्या आत येणारी शेतजमीन म्हणजे त्या गावचे शिवार. मूळ 'सीमा' हा शब्द ग्रंथांतून आणि सरकारी लिखाणातून जसाच्या तसा मराठीत नांदत राहिला, त्यामुळे आई आणि लेक दोघीही आज वापरात आहेत. फक्त त्यांनी कामे वाटून घेतली आहेत.

हद्द अरबीतून आली. तिला फारसी 'सर', म्हणजे डोके किंवा टोक, जोडून सरहद्द झाली. पोलीस ठाण्याची हद्द, नगरपालिकेची हद्द, हद्दपार, हद्दवाढ हे प्रयोग पाहिले की लक्षात येते, हद्द म्हणजे कोणाचा तरी अंमल जिथवर चालतो ती जागा. शिवेला अंमलदार लागत नाही, तिला वहिवाट लागते. घरातून निघालेला माणूस वेशीबाहेर पडतो, शिवारातून, धुऱ्याधुऱ्याने चालत जातो आणि शिवेवर पोहोचतो. तिथे एखादा शेंदूर लावलेला दगड असतो, नाहीतर ओढा, नाहीतर नुसते जुने लिंबाचे झाड. पण गुराख्याच्या पोरालाही ती जागा ठाऊक असते. 'शिवेला शीव लागून' या प्रयोगात मला या शब्दाचे सगळे मर्म दिसते, कारण शीव कधीच एका गावाची नसते, ती दोन गावांची मिळून असते.

म्हणूनच आपले कितीतरी विधी शिवेवर घडत. वऱ्हाड आले की मुलीकडची मंडळी शिवेपर्यंत सामोरी जाऊन नवरदेवाची पूजा करीत, ते सीमांतपूजन. आता वऱ्हाड थेट मंगल कार्यालयाच्या दारात उतरते आणि पत्रिकेत 'श्रीमंतपूजन' छापलेले असते. पुष्कळ जण याला अडाणी चूक म्हणतात. मला ते पटत नाही. शीव डोळ्यांपुढून गेल्यावर लोकांनी त्या अक्षरांना हाताशी असलेला अर्थ दिला, आणि भाषेत असे नेहमीच होते. हळहळ वाटायची असेल तर ती शिवेपर्यंत सामोरे जाण्याची रीत गेली याची वाटावी. तुळजापुरात मात्र दसऱ्याच्या पहाटे देवीचे सीमोल्लंघन आजही होते आणि त्यासाठीची पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते. नगर इंग्रजांकडे आणि तुळजापूर निजामाकडे होते, तेव्हा या वाटेवर एक खरीखुरी सरहद्द आडवी होती.

त्या सरहद्दीने आपल्या बोलीत बरेच शब्द सोडले. निजामाचे जकात खाते म्हणजे करोडगिरी, आणि करोडगिरीचा नाका हे नाव जुनी माणसे अजून घेतात. पलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया चाले, अलीकडे निजामाचा हाली, आणि सात हालींना सहा कलदार असा हिशोब होता. पलीकडचे लोक आमच्या या निजामी मुलखाला मोगलाई म्हणत, कारण निजाम मूळचा मोगलांचा सुभेदार. "इथे काय मोगलाई माजली आहे का?" या वाक्यात तो मुलूख अंदाधुंदीचे नाव होऊन बसला. मुक्तिसंग्रामात कार्यकर्त्यांनी आपली केंद्रे सरहद्दीबाहेर थाटली, विदर्भातल्या उमरखेडला, बार्शीच्या बाजूला, आणि तिथून आत येऊन करोडगिरीचे नाके जाळले. 17 सप्टेंबर 1948 नंतर ही सरहद्द हळूहळू मिटली.

आता पहिला प्रश्न. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात, तर भालकी, औराद, हुमनाबाद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. माझ्या थोरल्या आत्याबाई त्याआधी भालकी तालुक्यात दिलेल्या होत्या. उदगीरजवळचे आमचे गाव आणि त्यांचे सासर एकाच जिल्ह्यात होते. लग्न झाले तेव्हा त्या नुसत्या पलीकडच्या गावात गेल्या होत्या. पुढे सातबारा, शाळा, दवाखाना, साऱ्याची भाषा पालटली, नातवंडे कन्नडमधून शिकली, आणि आमच्या घरी त्यांचा पत्ता सांगताना 'कर्नाटकात' असा शब्द येऊ लागला. आत्याबाईंच्या तोंडी तो मी कधी ऐकला नाही. पंचमीला माहेरी आल्या की त्या म्हणत, "शिवेपल्याड पाऊस बरा झालाय बघ."

राज्याची रेघ कचेरीत नकाशावर ओढली जाते आणि मग नाके, पाट्या, खटले यांच्या रूपाने माणसांना कळते. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या वादासाठी महाजन आयोग 1966 साली नेमला गेला, महाराष्ट्र 2004 साली सर्वोच्च न्यायालयात गेला, कर्नाटकातल्या 865 गावांवरच्या महाराष्ट्राच्या हक्काचा प्रश्न अजून सुटलेला नाही. या सगळ्याला आपण सीमाप्रश्न म्हणतो आणि ते बरोबर आहे, कारण वाद अंमलाचा आहे. शीव हा शब्द तिथे बसत नाही. पण बातमी देगलूर किंवा देवणीकडच्या एखाद्या गावाची असेल आणि पलीकडच्या गावाशी त्याचे सोयरपण, बाजारहाट, पाणी यांचे सांगणे असेल, तर 'सीमेपलीकडील गाव' असे लिहिण्याऐवजी 'शिवेपलीकडचे गाव' लिहावे, असा माझा आग्रह आहे. लिहिताना एवढे पाहावे की मूळ शब्दात 'शी' दीर्घ आहे. शिवेला, शिवेवर, शिवार यांत मात्र तो ऱ्हस्व होतो.