कयाक कर्जावर घ्यावी का? आधी तुमची विमा पॉलिसी बघू

एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं: ‘वय ३८. पत्नी घर सांभाळते, मुलं ९ आणि ४ वर्षांची. वर्षभर किनाऱ्यावरून गळ टाकतोय, आता समुद्रात कयाकवरून, म्हणजे एकट्याने चालवायच्या लहान अरुंद होडीतून, मासेमारी सुरू करायची आहे. पायाने चालवायची कयाक, फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र), रॉड असा सगळा संच दुकानदार २४ महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यांवर देतोय. माझा विमा एजंट म्हणतो, हप्ते कशाला, पॉलिसीवर कर्ज घ्या, मॅच्युरिटीच्या वेळी आपोआप वळतं होईल. शिवाय मासे ओळखीत विकून महिन्याला काही सुटेलच. दोन्हींपैकी स्वस्त काय?’

सोबत त्यांनी सगळे आकडे आणि खरेदीची यादी पाठवली, त्याबद्दल आभार. ओळख पटू नये आणि इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून मी त्यांचा महिन्याचा पगार १०० धरून बाकीचं त्या मापात मांडलं आहे.

पगार १००, घरखर्च ७५, पॉलिसीचा हप्ता वर्षाला १२० म्हणजे महिन्याला १०; मुदत २० वर्षं, त्यातली पाच झाली. उरतात १५. बँकेत २४०. संचाची किंमत २५०, रोख घेतला तर २२५.

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते लहान आहे. रोखीने २२५ ला मिळणारी वस्तू हप्त्यांवर २५० ला मिळत असेल, तर ते २५ व्याजच आहे. दोन वर्षांत सरासरी निम्मं कर्ज अंगावर असतं हे धरलं, तर दर साडेदहा टक्क्यांच्या आसपास पडतो. आणि हप्ता महिन्याला साधारण साडेदहा, म्हणजे उरणाऱ्या १५ पैकी हातात साडेचार.

पॉलिसीवरचं कर्ज १० टक्क्यांनी आहे, म्हणून कागदावर किंचित स्वस्त दिसतं. पण ‘आपोआप वळतं होईल’ याचा अर्थ एजंटने तुम्हाला सांगितलेला नाही. २२५ चं कर्ज १५ वर्षं न फेडता ठेवलं, तर चक्रवाढीने साधारण ९४० होतं. तुमच्या कागदपत्रांत मॅच्युरिटीची खात्रीची रक्कम ३००० आहे. ४००० हा आकडा बोनस धरून दाखवलेला अंदाज आहे. ३००० मधून ९४० गेले की २०६० उरतात, आणि तोवर तुम्ही भरलेले असतील २४००. मधल्या काळात व्याजासकट कर्ज सरेंडर मूल्याच्या, म्हणजे पॉलिसी मोडल्यास हातात येणाऱ्या रकमेच्या, वर गेलं, तर पॉलिसीच बंद पडू शकते. हा सल्ला देणाऱ्याने गणित मांडून दाखवलं नाही, याचा मला राग येतो, कारण ते मांडायला दोन मिनिटं पुरतात.

तेव्हा दोन्ही मार्ग नकोत. पण तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी कयाकपाशी थांबलोच नाही. थांबलो या वाक्यापाशी: ‘विम्याचं टेन्शन नाही, मोठी पॉलिसी आहे.’

मोठा आहे तो हप्ता. संरक्षण १२०० चं आहे, म्हणजे एका वर्षाचा पगार. तुमचा स्वतःचा खर्च वजा केला, तर घराला महिन्याला ६० लागतात. १२०० ला ६० ने भागा. वीस महिने. तुमचं धाकटं तेव्हा सहाचंही झालेलं नसेल. आणि पॉलिसीवर कर्ज काढलं, तर ते आधी त्या १२०० मधूनच कापलं जाईल. ज्या होडीतून तुम्ही समुद्रात जाणार, तिचं कर्ज घरच्यांच्या हातात पडणाऱ्या पैशातून वजा होणार. मला हे लिहितानाही जड जातंय, पण एवढं उघड लिहिल्याशिवाय तुम्ही ते बघणार नाही असं वाटतं.

किती हवं? महिन्याला ६०, वर्षाला ७२०, धाकटं कमावतं होईपर्यंत १५ वर्षं: १०,८००. महागाई आणि व्याज एकमेकांना खाऊन टाकतील असं धरू. हातातले १२०० आणि बँकेतले २४० वजा केले, की गोळाबेरीज ९००० कमी आहेत. एवढ्या रकमेचा निव्वळ मुदत विमा, ज्यात जिवंत राहिलात तर काहीच परत मिळत नाही, तो तुमच्या वयाला हजारामागे अडीच धरला तरी वर्षाला २२-२३ पडेल. महिन्याला दोन. ‘काहीच परत मिळत नाही’ हे ऐकून लोक मागे सरतात आणि वर्षाला १२० भरून एका वर्षाच्या पगाराइतकं संरक्षण घेतात. असे लोक माझ्याकडे सारखे येतात आणि प्रत्येकाला कुणीतरी ‘बचतही, विमाही’ हेच सांगितलेलं असतं.

मुदत विम्याच्या अर्जात धोक्याच्या छंदांविषयी प्रश्न असतो. तिथे स्पष्ट लिहा: समुद्रात कयाकवरून मासेमारी, किनाऱ्यापासून साधारण किती अंतरावर, वर्षातून किती वेळा. होडी अजून घेतलेली नाही म्हणून ‘नाही’वर खूण करू नका, ठरलेलं आहे ते सांगायचं. हप्ता थोडा वाढला तर वाढू दे. लपवलेल्या माहितीवरून दावा अडला, तर तो लढायला तुम्ही नसाल, पत्नी असेल.

आता जुन्या पॉलिसीचं काय? इथे माझा सल्ला अनेकांना आवडणार नाही. घाईने मोडू नका. सुरुवातीपासून पाहिलं तर ती वाईटच आहे: २० वर्षांत २४०० भरून ३००० हा वार्षिक दोन टक्क्यांचा परतावा, ४००० आले तरी साडेचार-पावणेपाच. पण पाच वर्षांचे ६०० गेले ते गेले. आज सरेंडर केली तर ३०० मिळतात. हे ३०० आणि पुढचे १५ हप्ते एवढंच मोजलं, तर इथून पुढे खात्रीचा परतावा चार टक्क्यांच्या जवळ आणि बोनससह सातच्या आसपास येतो. फसवलं गेल्याच्या संतापात मोडलेल्या पॉलिसीत नुकसान दुसऱ्यांदा होतं. कंपनीकडून पेड-अप मूल्य, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर शेवटी मिळणारी रक्कम, लेखी मागवा आणि बँकेच्या दीर्घ मुदतीच्या ठेवीच्या दराशी तुलना करा. ठेव चारपेक्षा बरीच जास्त देत असेल आणि बोनसचा भरवसा वाटत नसेल, तर हप्ते थांबवा. मात्र नवा मुदत विमा मंजूर होऊन कागद हातात येईपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही.

मासे विकून महिन्याला ८ सुटतील असं तुम्ही लिहिलंय. वर्षाला ९६. वर्षात शनिवार-रविवार १०४. वारा, लाटा, मुलांचं आजारपण, घरची कामं वजा करून नवशिक्याला मी ३० फेऱ्या धरतो, त्याही उदारपणे. म्हणजे दर फेरीला जवळपास एका दिवसाच्या पगाराइतके मासे विकले गेले पाहिजेत, तेही आमिष आणि गाडीचं इंधन सोडून. रिकाम्या हाताने परतण्याचे दिवस पहिल्या हंगामात पुष्कळ असतात. शिवाय छंद म्हणून पकडलेले मासे विकायला अनेक देशांत परवाना लागतो किंवा बंदीच असते. हा आकडा हिशेबातून शून्य करा. छंदावर खर्च करायला लाज कशाची? तो खर्च म्हणूनच मांडा.

आता तुमची यादी. पायाने चालणारी कयाक १७०, फिश फाइंडर ३५, दोन रॉड-रील २५, रॉड होल्डर आणि कॅमेऱ्याचे स्टँड १२, जादा वल्हं ५, लाइफ जॅकेट ३. यादीतली सगळ्यात स्वस्त वस्तू लाइफ जॅकेट आहे. रेडिओ, वेटसूट (पाण्यात अंग गरम ठेवणारा घट्ट पोशाख), शिट्टी, प्रशिक्षण यांची ओळच नाही.

समुद्रात नवशिक्याला घाबरवायला हवं ते लाटांनी नाही, वाऱ्याने. शाळेत शिकलेला मतलई वारा आठवतो? जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा कुठलाही वारा किनाऱ्यावर उभं राहिलं की फारसा जाणवत नाही, पाणी तळ्यासारखं शांत दिसतं. तुम्ही आरामात आत जाता आणि परत वळल्यावर वल्हं मारूनही जागचे हलत नाही. १०-११ नॉटच्या (तासाला साधारण २० किलोमीटर) पुढे वारा सांगितला असेल तर घरी राहा. असा जमिनीकडचा वारा असेल तर त्याहून कमीलाही राहा. भरती-ओहोटीचा ओढा आणि वारा समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, तेव्हा होडी उलटते.

उलटल्यावर काय, याचं उत्तर पैसे देऊन शिकावं लागतं. म्हणून पहिला खर्च एका दिवसाच्या प्रशिक्षणाचा, ७. होडी मुद्दाम उलटायची, सरळ करायची, पाण्यातून पाय मारत छातीवर चढून पुन्हा बसायचं. दमलेल्या अंगाने हे जमेपर्यंत करायचं. यासाठीच वरून बसायची, तळाला आरपार छिद्रं असलेली कयाक नवशिक्याला बरी, आत आलेलं पाणी आपोआप निघून जातं. लांबी साडेतीन ते साडेचार मीटर बघा. तुमचं आणि सामानाचं वजन कंपनीने सांगितलेल्या कमाल वजनाच्या ७० टक्क्यांच्या आत ठेवा.

बाकी माझी यादी: जुनी वल्ह्याची कयाक ३५. घेताना तळाची छिद्रं आणि बैठकीखालचा भाग बोटाने चाचपून पाहा, तडे तिथेच जातात. किमान ५० न्यूटन उत्प्लावक बलाचं, वल्हं मारताना न अडणारं जॅकेट ६. पाण्याच्या तापमानाप्रमाणे वेटसूट १०. हवा गरम आहे म्हणून पाणीही गरम असेल असं समजू नका. गॉर्डन गीसब्रेख्ट या कॅनडातल्या संशोधकाने अतिथंड पाण्यासाठी एक-दहा-एक हे गणित रूढ केलं: श्वास सावरायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, शुद्ध जायला सुमारे एक तास. हातातला, पाण्यावर तरंगणारा व्हीएचएफ रेडिओ (इतर बोटी आणि किनाऱ्याशी बोलायचा) ८. संकटाची हाक चॅनल १६ वर द्यायची, आणि वापरायचा परवाना लागतो का ते आधी बघायचं. ४०६ मेगाहर्ट्झचा, उपग्रहाला संकेत देणारा वैयक्तिक बीकन १३; फोनला रेंज नसते तिथेही चालतो, पण आपल्या नावावर नोंदवायला विसरायचं नाही. शिट्टी, दोरी कापायचा सुरा आणि वल्ह्याचा पट्टा २, चाकांची ट्रॉली ४, एक रॉड-रील ८. प्रशिक्षण धरून ९३.

रेडिओ आणि बीकन जॅकेटवरच अडकवलेले हवेत. होडीत ठेवलेले असतील तर होडी गेल्यावर तेही जातात.

पायाने चालणारी कयाक चांगलीच असते, दोन्ही हात गळाला मोकळे राहतात. पण ती जड, महाग, आणि वाळू-खारं पाणी यंत्रात गेलं की देखभाल मागते. दोन हंगाम टिकलात तर जुनी विकून घ्या. फिश फाइंडरही तेव्हाच. पहिल्या वर्षी खोलीचा नकाशा आणि जुन्याजाणत्यांची सोबत पुरते.

पैसे असे: मुदत विम्याचे दोन गेले की महिन्याला १३ उरतात. बँकेतले २४० घरखर्चाला तीन महिने जेमतेम पुरतात आणि कमावणारे तुम्ही एकटे, म्हणून त्यात दर महिन्याला ५ टाका. उरलेले ८ कयाकसाठी. ९३ जमायला वर्ष लागेल. पण वर्षभर किनाऱ्यावर बसायची गरज नाही. पहिल्या महिन्यात प्रशिक्षण, मग जॅकेट, सूट, रेडिओ, बीकन या क्रमाने घ्या आणि तोवर अनुभवी माणसाबरोबर भाड्याच्या होडीतून जा. हे सामान कुठल्याही होडीत चालतं. होडी सगळ्यात शेवटी.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की पत्नीला हे अजून सांगितलेलं नाही, अचानक आनंद द्यायचा आहे. आजच सांगा. समुद्रात निघताना दर वेळी तिच्याकडे एक चिठ्ठी राहायला हवी: कुठून उतरतोय, कुठवर जाणार, किती वाजता परत, त्यानंतर अर्ध्या तासाने कुणाला फोन करायचा. मुदत विम्याचे कागद आले की तेही तिला उघडून दाखवा, कुठे ठेवलेत ते सांगा. आणि पेड-अप मूल्याचं उत्तर कंपनीकडून आलं की मला कळवा, त्या आकड्यावर पुन्हा बसू.