सिंगापूर, डेंग्यू आणि तुमचा सहा वर्षांचा मुलगा

नवऱ्याची पुण्याहून सिंगापूरला बदली झालीय, मुलगा सहा वर्षांचा आहे आणि तिथल्या डेंग्यूची धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंत. वाचल्यापासून मला स्वस्थ बसवेना.

बादल्या पालथ्या घाला, कुंडीखालच्या ताटल्या कोरड्या ठेवा, हे सरकारी पत्रकात मिळेलच. घर बघायला जाल तेव्हा आधी परिसरातला डेंग्यूचा फलक बघा. दहा किंवा जास्त रुग्ण असले तर लाल, त्याहून कमी असले तर पिवळा. जुन्या एचडीबी घरांत, म्हणजे इथल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत, स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपड्यांचे बांबू खोचायच्या नळ्या असतात. त्यांत पावसाचं पाणी साठतं, टोपणं लावून घ्या. शहर चकचकीत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. २०२० साली इथे ३५ हजारांहून जास्त लोकांना डेंग्यू झाला.

मुलाला पुण्यात डेंग्यू होऊन गेला असेल तर ते रिपोर्ट बरोबर आणाच. विषाणूचे चार प्रकार आहेत, दुसऱ्या खेपेला वेगळा प्रकार झाला तर आजार गंभीर होण्याचा धोका जास्त असतो.

आमच्या मुलीला तिसरीत असताना झाला. डॉक्टरांनी बजावलं होतं, ताप उतरायला लागला की खरे जपायचे दिवस सुरू होतात. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, मूल मलूल होणं, यातलं काही दिसलं तर तडक इमर्जन्सीत. तापाला पॅरासिटामॉलच, अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नाही. नवरा जकार्ताला दौऱ्यावर होता. तिला लघवी कधी झाली, पाणी किती प्यायली, हे मी रात्रभर वहीत लिहीत होते. आईला फोनवर सर्दी म्हणून सांगितलं. तिला अजून खरं माहीत नाही.

पुढे दाखल करावं लागलं. डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे बायको-मुलांना मिळणाऱ्या परवान्यावर, सरकारी रुग्णालयातही सवलतीचे दर मिळत नाहीत. विमा कंपनी म्हणाली, दाखल करण्याची गरज होती हे सिद्ध करा. पत्र दिलं, मग त्यावर शिक्का हवा, मग मूळ प्रत हवी. पैसे मिळाले शेवटी.

शाळेचं मात्र मनातून जात नाही. डॉक्टरांचं प्रमाणपत्र सुट्टीपुरतं होतं, पण अशक्तपणा कितीतरी आठवडे टिकला. त्या काळातल्या चाचणीवरून तिला गणिताच्या खालच्या गटात टाकलं. मी जाऊन भांडले, उपयोग झाला नाही. ‘मला गणित जमतच नाही’ असं ती आजही म्हणते आणि ऐकताना माझा जीव तुटतो. पुण्यात असतो तर बाई घरी येऊन बघून गेल्या असत्या, असं वाटत राहतं.

एकटेपणाचंही विचारलंत. सवय होते. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीत ओळखी होतात. पण ज्यांचं दार रात्री दोनला वाजवता येईल असं एक घर पहिल्या महिन्यातच जोडा. आम्हाला शेजारच्या मलाय आजी होत्या, धाकट्याला त्यांनीच सांभाळलं.

निघण्याआधी विम्याचे कागद नीट वाचा. दाखल न होता रोज करायच्या रक्ततपासण्या त्यात धरल्यात का, हे कंपनीकडून लेखी घ्या.