मेळघाटातल्या सरकारी दवाखान्यात बाळंतीण टिकावी म्हणून काय बदलता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेळघाटात ग्रामीण रुग्णालयात नेमणूक झाली आहे, लेबर रूम चांगली आहे, औषधं आहेत, तरी कोरकू बायका अगदी शेवटच्या घटकेला येतात आणि काही जणी बाळंत झाल्या की त्याच रात्री न सांगता निघून जातात. नवा निधी न मागता काय सुधारता येईल?

बरंच येईल. मात्र लोकांच्या रीतीभाती सांभाळणं हे उपचार संपल्यावर उरलेल्या वेळात करायचं काम समजू नका. भाषा न कळता लिहिलेला केसपेपर चुकीचा असतो, आणि घाबरलेल्या, एकट्या पडलेल्या बाईच्या कळा लांबतात. दोन्ही गोष्टी वैद्यकीयच आहेत.

सुरुवात भाषेपासून करा. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचं नातं नाही, शेजारच्या गोंडीशीही नाही, त्यामुळे अंदाजाने अर्थ लागत नाही. बाजारहाट करणाऱ्या पुरुषांना हिंदी येतं, म्हणून बायकोलाही येत असेल असं आपण धरून चालतो. ती मान डोलावते, आपण 'हो' लिहितो. मग नवरा दुभाष्या होतो. अंगावरून जातं का, आधीचं मूल पोटात गेलं होतं का, ताप कधीपासून, हे नवऱ्यासमोर ती सांगणार नाही आणि तोही विचारणार नाही.

यावर पहिला उपाय ड्युटी चार्टमध्ये आहे. तिन्ही पाळ्यांमध्ये कोरकू बोलणारी किमान एक बाई हवी. ती एएनएम (आरोग्यसेविका) असेल, आया असेल किंवा सफाई कामगार असेल. तिचं नाव चार्टवर वेगळ्या रकान्यात लिहा आणि ती रजेवर असेल तर बदली कोण, तेही लिहा. आत्ता हे काम ती करतेच, पण कोणाच्या लेखी नाही, म्हणून रात्री दोन वाजता ती मिळत नाही. दुसरं, दोन आशा ताईंना बसवून पंचवीस-तीस वाक्यं कोरकूत करून घ्या: कळा कधी सुरू झाल्या, पाणी गेलं का, बाळ हलतंय का, डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, आता जोर लाव, आता थांब. ती फोनवर रेकॉर्ड करा. मग ज्या बाईने ती पाहिली नाहीत तिला ऐकवून अर्थ विचारा. जिथे अर्थ हलतो ते वाक्य बदला. धारणीकडची आणि चिखलदऱ्याकडची बोली थोडी वेगळी पडते, म्हणून आशा तुमच्याच गावांतल्या घ्या. प्रश्नही 'हो-नाही'चे ठेवू नका. 'दुखतंय का' याऐवजी 'हात ठेवून दाखव'. आणि गोळ्या कशा घ्यायच्या हे सांगून झालं की तिच्याकडून उलट सांगून घ्या.

पाळीची तारीख हा स्वतंत्र विषय आहे. 'शेवटची पाळी कधी' असं विचारलं की बहुतेकदा अंदाजे तारीख येते, आणि तीच पुढे नऊ महिने प्रत्येक कागदावर उतरते. त्यापेक्षा भिंतीवर गावचं कॅलेंडर लावा: मोह वेचण्याचे दिवस, तेंदूपत्ता, पेरणी, जिरोती, पोळा, सोयाबीनची कापणी, दिवाळी, कामाला बाहेर जाणं, होळीला परत येणं. 'होळीच्या आधी की नंतर? मोह पडायला लागला होता का?' असं विचारत गेलं की तारीख बरीच जवळ आणता येते. पहिल्या तिमाहीत सोनोग्राफी झाली असेल तर तीच धरायची. याची गरज का, तर २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन द्यायचं असतं, ६ मिलिग्रॅम स्नायूत, दर १२ तासांनी, असे चार डोस. आठवडे चुकले की ज्या बाळाला हवं त्याला ते मिळत नाही. वाढ खुंटलेलं बाळ आणि दिवस न भरलेलं बाळ यांतही गल्लत होते.

आता लेबर रूम. सगळ्यात जास्त फरक पाडणारी आणि एक रुपयाही न लागणारी गोष्ट म्हणजे बाईसोबत तिचं माणूस आत ठेवणं. केंद्र सरकारने २०१६ मध्येच यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि लेबर रूम सुधारण्याच्या केंद्राच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सोबतीण असणं अपेक्षित आहे. स्वतः बाळंतपण अनुभवलेली नात्यातली बाई, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ, शेवटपर्यंत थांबणारी, उपचारांत हात न घालणारी, एवढ्याच अटी. सतत सोबत असेल तर कळांचा काळ कमी होतो आणि सिझेरियनही कमी लागतात, हे अभ्यासांतून पक्कं झालेलं आहे. गावची दाई आली तर तिलाच सोबतीण करा. तिला बाहेर बाकावर बसवलंत तर पुढची केस ती आणणार नाही.

अडतं कुठे? बहुतेक ठिकाणी सोबतीणीला आत घेतात आणि नेमकं बाळ बाहेर येण्याच्या वेळी 'गर्दी नको' म्हणून घालवतात. म्हणून तिची जागा ठरवा: टेबलाच्या डोक्याकडे, एक स्टूल. काम ठरवा: पाठ चोळणं, घोटघोट पाणी देणं, घाम पुसणं, आणि बाई बरळली किंवा रक्त जास्त जातंय असं वाटलं तर सिस्टरला हाक मारणं. दोन टेबलांमध्ये पडदा नसेल तर सोबतीण ठेवताच येत नाही, तेव्हा आधी पडदा लावा. माझं स्पष्ट मत आहे की लेबर रूममधलं ओरडणं, 'तेव्हा नाही कळलं का' असले शब्द, मांडीवर मारलेली चापट, हे भाषणांनी थांबत नाही. घरचं माणूस शेजारी उभं असलं की ते बरंच थांबतं. त्या सिस्टरवर एका रात्रीत किती बायकांचा भार आहे हेही बघा. सोबतीणीने तिचंही काम हलकं होतं.

कोरकू घरांत बाई उकिडवी बसून किंवा गुडघ्यांवर, वरून बांधलेली दोरी धरून बाळंत होते. आपण तिला उताणी झोपवून पाय रिकिबीत अडकवतो. हे सोयीचं डॉक्टरला असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत स्थिती बाईच्या पसंतीने असावी असं आहे. कळा येत असताना तिला चालू द्या, बसू द्या. जोर लावायच्या वेळी टेबलाची पाठ उचला, रिकिबी काढा, कूस किंवा उकिडवं बसणं यांतलं तिला निवडू द्या. टेबलावरून पडायची भीती वाटत असेल तर खाली गादी, त्यावर मॅकिंटॉश (रबरी कापड) आणि स्वच्छ चादर. सिस्टरला खाली वाकून बाळ घ्यायची सवय नसते, म्हणून पहिल्या काही वेळा तुम्ही स्वतः हजर राहा.

यात एक खरा धोका आहे. उकिडवं असताना रक्त खाली पसरतं आणि किती गेलं ते कळत नाही. म्हणून बाळ आल्यावर लगेच तिला झोपवा, कमरेखाली ट्रे सरकवा, मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत, नाळ एक ते तीन मिनिटांनी कापा. ५०० मिलिलिटरच्या वर गेलं की घंटा. आधीचं सिझेरियन, पायाळू बाळ, वाढलेला रक्तदाब, सलाईनमधून औषध चालू, अशा बायकांना उकिडवं बसवू नका; त्यांना डाव्या कुशीवर ठेवा. खालचे केस काढणं, एनिमा, पोटावर दाब देणं, सरसकट छेद घेणं, हे सगळं बंदच करा. कोणालाही त्याचा उपयोग नाही.

गंडे-दोरे कापू नका. मनगटावर काळा दोरा असेल तर सलाईनची सुई दुसऱ्या हाताला लावा, किंवा दोरा वर सरकवून चिकटपट्टीखाली ठेवा. सिझेरियनसाठी काढावाच लागला तर विचारून काढा, कागदात गुंडाळून सोबतीणीच्या हातात द्या. कचऱ्याच्या बादलीत पडलेला दोरा गावभर होतो.

वार कुठे जाते, हा प्रश्न बायकांच्या मनात असतोच. घरी ती पुरली जाते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार वार पिवळ्या पिशवीत जाते. तुमच्याकडे ती पुरायला मंजुरीचा खोल खड्डा असेल तर घरच्या एकाला तिथे उभं राहू द्या. नसेल तर काय होतं ते खरं सांगा. नाळेचा वाळलेला तुकडा घरीच गळतो, तो त्यांचाच.

प्रसूतीनंतर शेक हवा असतो. वॉर्डात पंखा फिरत असतो आणि फरशी थंड असते, तेव्हा बाईला घरची शेकोटी आठवली तर तिचं चूक नाही. नवजात बाळासाठी लेबर रूम २५ ते २८ अंशांत हवी असं आपलंच शास्त्र सांगतं. पंखे बंद, खिडकीच्या झोताला पडदा, कोरडं कापड, बाळ आईच्या छातीवर. अडीच किलोच्या खालचं बाळ तिच्याच लुगड्याने छातीला बांधा; वेगळी पिशवी लागत नाही. कोळशाची शेगडी बंद खोलीत का नको, तर धुराने बाळ गुदमरतं, हे एकदा समजावून सांगा.

आता पळून जाण्याचं. बाईला ४८ तास थांबवायचं कारण खरं आहे: जीवघेणा रक्तस्राव बहुतेक पहिल्या दिवसात होतो, आणि बाळ नीट ओढतंय का ते कळायला वेळ लागतो. पण घरी दोन मुलं आणि बकऱ्या आहेत, सोबत आलेल्या सासूला जेवण नाही, आणि गावाकडे जाणारी जीप आत्ताच निघते आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात साध्या बाळंतपणात ३ दिवस आणि सिझेरियनला ७ दिवस बाईचं जेवण मोफत आहे, घरी सोडायला गाडीही आहे. सोबतीणीच्या जेवणाचं मात्र बघावं लागतं. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत तेवढंच मागा, किंवा आवारात चूल आणि पाण्याची जागा द्या. जेवणाच्या कंत्राटात कुटकीचा भात, ज्वारीची भाकरी, पातळ पेज लिहून घ्या. परत जायची गाडी कधी, हे दाखल होतानाच सांगा. नुसतं 'मिळेल' असं कोणी मानत नाही. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात माहेरघर चालू असेल तर तारीख जवळ आलेल्या लांबच्या पाड्यांवरच्या बायका तिथे लहान मुलासह आधीच आणता येतात.

तांबी हा नाजूक विषय आहे. कळांमध्ये संमतीचा अंगठा घेऊन तांबी बसवली आणि बाईला ते नंतर कळलं, तर अख्खं गाव यायचं बंद होतं. ही बोलणी गरोदरपणाच्या तपासणीत, कोरकूत, नवरा-बायको दोघांशी करा. लेबर रूममध्ये तो विषय काढूच नका.

आता भुमका, म्हणजे गावचा पारंपरिक वैदू, त्याच्याबद्दल. मूल आधी त्याच्याकडे नेलं होतं का, हे रागावून विचारलं तर पुढच्या वेळी लपवतील, आणि काय मुळी दिली, किती दिवस गेले, हे तुम्हाला कळणारच नाही. मुलाच्या पोटावर उपचार म्हणून दिलेल्या चटक्यांचे डाग दिसले तर त्यामागे बहुधा फुगलेलं पोट किंवा न्यूमोनियाची धाप असते. आधी श्वास मोजा (दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त म्हणजे धोका), मुलाला सावरा, जखमेची निगा करा, आणि मूल खेळायला लागलं की चटक्यांनी काय होतं ते घरच्यांना ठामपणे सांगा. तुमच्या हद्दीतल्या भुमकांचे फोन घ्या, तुमचा द्या, आणि त्याने पाठवलेलं मूल बरं झालं की त्याला कळवा.

अमरावतीला रेफर म्हणजे धारणीहून सुमारे दीडशे किलोमीटर, बराचसा रस्ता जंगलाचा आणि घाटाचा. तिथून माणूस परत येत नाही ही धास्ती घरात असते, कारण अगदी अखेरच्या अवस्थेत पाठवलेल्यांचंच त्यांनी पाहिलेलं असतं. तेव्हा चार गोष्टी सांगा: का, कुठे, सोबत कोण जाऊ शकतं, परत कसं यायचं. तिथल्या डॉक्टरला गाडी निघायच्या आधी फोन करा.

गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने शोधग्रामचं रुग्णालय बांधताना आधी लोकांना विचारलं. त्यातून झोपड्यांसारखे वॉर्ड आणि नातेवाइकांची जागा झाली, आणि दवाखान्याला माँ दंतेश्वरी या देवीचं नाव मिळालं. तुमची इमारत बदलता येणार नाही, पण विचारणं जमेल. समाधानाचा छापील फॉर्म मात्र नको. त्यावर सगळ्या 'चांगलं' म्हणतात. आशा ताई बाळाच्या भेटीला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातेच. सातव्या दिवशी तिने स्वतःच्या भाषेत दोनच प्रश्न विचारावेत: दवाखान्यात कोणती वेळ सगळ्यात वाईट गेली, आणि जाऊबाईला तिकडे पाठवशील का? न सांगता गेलेल्या बाईचं नाव मात्र सातव्या दिवसापर्यंत ठेवू नका. त्याच सकाळी आशाला फोन करा, रक्तस्राव आणि बाळाचं दूध बघायला सांगा, आणि का गेली ते विचारून 'अॅबस्कॉन्ड' या शेऱ्यापुढे एका ओळीत लिहा. महिनाअखेरीला त्या ओळी सगळ्या सिस्टरांसोबत बसून वाचा, आणि पुढच्या महिन्याचा ड्युटी चार्ट त्यानंतरच बनवा.