फोर-टेन आणि २८ गेजला कितव्या नंबरचे छर्रे घ्यावेत?

तुमचा प्रश्न असा: घरात छर्र्यांच्या दोन बंदुका आहेत, एक फोर-टेन (नळी ०.४१० इंचाची) आणि एक २८ गेज (गेजचा आकडा मोठा तितकी नळी अरुंद), क्ले टार्गेटला, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या बशीला, आणि सप्टेंबरातल्या डव्हला, म्हणजे होल्याला, कितवा नंबर घेऊ? आणि दुकानातला म्हणतो, ‘बोअर (नळीचं भोक) लहान, तर छर्रा जाड घ्या, म्हणजे दम राहील.’

आधी उत्तर. स्कीटला (क्लेवर नेम धरायचा एक खेळ) ९ नंबर. डव्हला साडेसात, फार तर ८. दुकानदाराचा सल्ला सोडून द्या. टेक्ससमध्ये पहिल्या मोसमात मी नेमका तोच सल्ला ऐकून फोर-टेनमध्ये ६ नंबर भरला होता (नंबर लहान तितका छर्रा जाड). अख्खी सकाळ उन्हात बसून पक्षी एकच पडला, आणि तोही मी ज्याच्यावर धरला होता त्याच्या मागचा.

गोम अशी आहे की एका छर्र्याचा दम बोअरवर ठरत नाही. साडेसात नंबरचा दाणा बारा बोअरमधून सुटो की फोर-टेनमधून, वेग सारखा असेल तर तो मारही सारखाच करतो. लहान बोअरला कमी पडते ती संख्या. फोर-टेनच्या अडीच इंची काडतुसात अर्धा औंस शिसं असतं, म्हणजे जेमतेम सव्वा तोळा. त्यात ९ नंबरचे साधारण २९० दाणे बसतात, साडेसातचे १७५ आणि सहाचे फक्त ११२. जाड दाणा घेतलात की जे आधीच थोडं आहे ते आणखी कमी करता. तीन इंची काडतुसात ११/१६ औंस मिळतं, तिथे साडेसातचे २४० होतात. डव्हला फोर-टेन न्यायचीच असेल तर तीन इंचीच न्या. पण आधी नळीवर कोरलेलं माप बघा. जुन्या फोर-टेन बऱ्याचदा अडीच इंचीच असतात.

नंबराची गंमत माहीत नसेल तर: अमेरिकन पद्धतीत १७ मधून नंबर वजा करा, जे उरेल तितके शतांश इंच छर्र्याचा व्यास. ९ नंबर म्हणजे ०.०८ इंच, साडेसात म्हणजे ०.०९५. आपल्या डब्यातल्या भाषेत ९ म्हणजे जाडी मोहरी आणि साडेसात म्हणजे बाजरी. ब्रिटिश मापं निराळी आहेत. त्यांचा ७ म्हणजे इथला साडेसात, त्यामुळे इंग्लंडचं काडतूस हाती आलं तर नुसत्या आकड्यावर जाऊ नका. (गावाकडे आजोबांच्या बाराबोअरच्या काडतुसांवर एल.जी., एस.जी. अशी अक्षरं पाहिली असतील, तीही त्याच ब्रिटिश घराण्यातली.)

मग क्लेला आणि डव्हला एकच नंबर का नाही? स्कीटच्या रेंजवर दोन्ही टार्गेटं जिथे एकमेकांना छेदतात तो खुंटा बहुतेक स्टेशनांपासून (नेमबाज उभा राहतो त्या जागा) २१ यार्डांवर असतो, आणि क्लेची बशी ठिसूळ असते. तिला तीन-चार मोहऱ्या लागल्या तरी पुरे. पक्ष्याच्या बाबतीत दाणा पिसांतून आत जायला हवा. ९ नंबरचा एक दाणा साधारण ४८ मिलिग्रॅमचा, साडेसातचा ८१. हलका दाणा हवेत लवकर दमतो आणि पक्षी जखमी होऊन झुडपात जातो. ते मला अजिबात आवडत नाही.

आता खरं काम. खाटकाकडे मिळतो तसला रुंद कागद एका खोक्यावर ताणून लावा, २५ यार्डांवरून एकच बार काढा, जिथे भोकं दाट आहेत तिथे मध्य धरून ३० इंच व्यासाचं वर्तुळ आखा. पुठ्ठ्यातून मुठीएवढा होला कापून घ्या (पंख सोडून, नुसतं धड) आणि तो कागदावर सरकवत न्या. जिथे त्याच्याखाली तीनपेक्षा कमी भोकं येतात तिथून खरा पक्षीही सुटला असता. माझ्या फोर-टेनच्या ६ नंबरच्या कागदावर तो पुठ्ठ्याचा होला मी वरच्या कडेपासून खालपर्यंत नेला आणि एकही भोक लागलं नाही. सकाळभर काय झालं होतं ते तेव्हा कळलं. हाच प्रयोग ३० यार्डांवर केला तर साडेसातचाही कागद विरळ दिसतो. म्हणून फोर-टेनला मी २५ यार्डांच्या पुढे हात लावत नाही.

फोर-टेनची आणखी एक खोड. नळी अरुंद, त्यामुळे छर्रे उभे रचले जातात. बारा बोअरमध्ये एक औंसाचा थर दीडएक सेंटिमीटर उंच, तर फोर-टेनमध्ये त्याच्या निम्मं शिसं अडीच सेंटिमीटरची उतरंड करतं. बार निघताना खालचे दाणे वरच्यांच्या भाराखाली चेपतात, चेपलेले दाणे भरकटतात. म्हणून अँटिमनी जास्त असलेल्या कडक छर्र्यांना चार पैसे जास्त द्या. लहान बोअरमध्ये तो खर्च वसूल होतो.

२८ गेजबद्दल फार बोलायला नको, कारण ती गुणी आहे. पाऊण औंसात ९ नंबरचे ४३० च्या वर, साडेसातचे २६०. डव्ह आणि बॉबव्हाइट, म्हणजे आपल्या लाव्ह्याचा भाऊबंद, दोन्हींना साडेसात किंवा ८ छान. फेझंटला (कोंबड्याएवढा रानपक्षी) ६ नंबर चालतो, ३० यार्डांच्या आत. दोनांतली एकच न्यायची झाली तर हीच न्या. फोर-टेनला लोक पोरांची बंदूक म्हणतात, धक्का कमी बसतो म्हणून. पण एवढ्याशा छर्र्यांत पक्षी पाडणं हे मुरलेल्या माणसाचं काम आहे, नवशिक्या पोराचा त्यात फक्त हिरमोड होतो.

शिशाचा नियमही बघून घ्या. बदकांना १९९१ पासून अमेरिकेत देशभर शिसं बंद आहे आणि कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीला. स्टील हलकं, त्यामुळे दोन नंबर जाड घ्यावं लागतं, आणि जाड घेतलं की फोर-टेनमध्ये संख्येची बोंब. तिथे बिस्मथ धातूचे छर्रे बरे, महाग असले तरी.

आणि २० गेजची बंदूक कधी घरात आली तर २८ ची काडतुसं त्याच पिशवीत टाकू नका. २८ चं काडतूस २० च्या नळीत पुढे सरकून अडकतं, मागून दुसरं भरून बार काढला की नळी फुटते. २० गेजची काडतुसं पिवळी करतात ती असल्याच घोटाळ्यापायी, म्हणजे ती १२ च्या नळीत जाऊ नयेत म्हणून. माझं २८ चं जॅकेट वेगळं आहे आणि घरी आल्यावर त्याचे खिसे मी रिकामे करून ठेवतो.